जवारीचा दोरा

"पुढं?"

एवढाच शब्द. इलाहीबक्षभाईंचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. खर्जातला, थोडा खरखरीत. विहिरीत दोर सोडावा आणि पोहरा पाण्याला टेकेपर्यंत वर थांबून राहावं, तसे ते 'पुढं?' म्हणायचे आणि थांबून राहायचे.

पहिल्यांदा तो ऐकला मिरजेला, तंतुवाद्यांच्या गल्लीत, त्यांच्या दुकानाच्या पायरीवर. माझ्या आईच्या तंबोऱ्याची जवारी गेली होती. तार छेडली की नुसती टणटण वाजायची. मागे जो सूर मधमाशीसारखा गुंजत राहतो, तो आटला होता. सांगलीच्या कॉलेजात उभं आयुष्य गणित शिकवून मी नुकतीच निवृत्त झाले होते. रिकाम्या घरात निदान तंबोरा तरी बोलावा, म्हणून तो कापडात गुंडाळून बसमधून मांडीवर घेऊन आले होते.

आतून दुसऱ्या एका तंबोऱ्याचा झंकार येत होता आणि त्यावर एका मुलीचा आवाज. ओवी म्हणत होती. चाल माझ्या ओळखीची, जात्याच्या घरघरीतून वर येणारी. पण शब्द कानात शिरले आणि माझा पाय पायरीवरच राहिला.

मूळ संख्यांची माळ, कुणी म्हणे ओवून झाली
साऱ्यांचा गुणाकार, वर एकाची भर घातली

नव्या गं आकड्याला, जुना मणी भागेना
माळेच्या बाहेरचा, मणी दारात मावेना

"पुढं?" तो खर्जातला आवाज.

"म्हणून तो नवा आकडा मूळच असला पायजे, आणि मग..."

"थांब. इथं पाय घसरला."

आतलं बोलणं थांबलं. तारा मात्र वाजतच होत्या. मग मुलगी सावकाश म्हणाली, "मूळ असंल तर असंल. नसंल तर त्याला भागणारा कुणीतरी असणार, आणि तो माळंतला नसणार. अब्बा, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा. ह्यांना गुणून एक मिळवला की तीस हजार एकतीस. तो मूळ न्हाई. एकोणसाठनं भाग जातोय. पण एकोणसाठ आपल्या माळंत कुठं हाय?"

"हां. आता बसलं. पुढं?"

मूळ संख्यांना अंत नाही, याची ती सिद्धता. एम.एस्सी.ला आलेली मुलं नेमकी त्याच जागी घसरतात. नवा आकडा मूळच आहे असं ठोकून देतात आणि पुढे पळतात. मी दर वर्षी फळ्यावर ती जागा खडूने गोल करून दाखवायचे. आणि इथे एक तंबोरा बनवणारा माणूस मान वर न करता, नुसत्या कानाने, पोरीला तिथेच अडवत होता.

मी आत गेले. भिंतीला टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, डिंकाचा वास. इलाहीबक्षभाई मांडी घालून बसले होते. दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा, पिकलेली दाढी, हातात बारीक कानस. त्यांच्यासमोर, डाव्या हाताने तारा छेडत बसलेली चौदा वर्षांची मुलगी. मला बघताच तिचा हात थांबला आणि आवाजही.

"नाव काय गं तुझं?"

तिचे ओठ हलले. "त... त..." मानेवरची शीर ताणली गेली. डोळे भरून आले. मी घाईने काहीतरी बोलणार होते. इलाहीबक्षभाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. हात लांबवून त्यांनी एक तार छेडली. तिने श्वास घेतला आणि सुरात म्हणाली, "तहसीन माझं नाव, मी इलाहीबक्षांची लेक."

"बसा बाई," ते मला म्हणाले. "वाद्य दाखवा. कुणी बिघडवलं?"

"कुणी नाही. आई गेल्यापासून वाजलं नाही."

"म्हंजे रुसलंय," ते म्हणाले आणि कापड सोडू लागले.

आतल्या पडद्याआडून हमीदाभाभींनी, त्यांच्या बायकोने, चहा आणला. त्यांच्याकडून सगळं कळलं. शाळेत हजेरी घेताना तहसीनच्या तोंडून 'हजर' निघायचं नाही. एका मास्तरांनी ठरवलं, नाव स्पष्ट सांगितल्याशिवाय खाली बसायचं नाही. ती मधल्या सुट्टीपर्यंत उभी राहिली. वर्ग हसून दमला. त्या दिवशी इलाहीबक्षभाई तिला घेऊन आले ते कायमचंच. सातवीत नाव काढलं. घरी तंबोऱ्यावर बोलायला बसवलं. सुरात तिची जीभ अडखळत नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. दादी जात्यावर म्हणायची त्या ओव्यांची चाल तिने आपसूक उचलली. आणि मग रद्दीच्या दुकानातून गणिताची पुस्तकं यायला लागली.

"एक डाव अंडी उकडाय ठेवली हिनं," हमीदाभाभी म्हणाल्या, "आणि आकडे मोजत बसली. पाणी आटलं, अंडी करपली, तरी ही म्हणती, अम्मी, हे संपतच न्हाई. म्हटलं, ते संपत नसंल, पण माझी अंडी संपली की गं!"

तहसीन तोंड लपवून हसली.

"गणित कुणी शिकवलं तिला?" मी इलाहीबक्षभाईंना विचारलं. "तुम्ही?"

"मी काय शिकवणार? ती सांगती, मी ऐकतो."

"पण मघाशी तुम्ही तिला बरोबर चुकीच्या जागी थांबवलंत."

ते नुसते हसले. तारा तोलणाऱ्या घोडीच्या हस्तिदंती माथ्यावर, तारेच्या खाली, त्यांनी सुताचा एक बारीक दोरा सरकवला. नखाने किंचित मागे, किंचित पुढे. आणि माझ्या आईचा तंबोरा एकदम बोलू लागला. मी मान फिरवून भोपळ्यांकडे बघत राहिले.

"बघा," ते म्हणाले. "एवढ्या दोऱ्यावर असतंय सगळं."

*

त्यानंतर मी दर सोमवारी मिरजेला जाऊ लागले. शिकवायला म्हणून जायचे, पण खरं तर रस्ता आखायला. एवढ्या ओढीचं पाणी, त्याला पाट काढून दिला नाही तर कुठेतरी मुरून जाईल, अशी मला धास्ती वाटायची.

एक मोठा ड्रॉइंगचा कागद आणून मी दुकानातच भुशावर पसरला. चार वर्षांचा रस्ता. तहसीनला कॅल्क्युलसची घाई होती. रद्दीतून कुणा इंजिनीअरचं जाडजूड पुस्तक तिच्या हाती आलं होतं.

"एवढ्यात नाही," मी म्हणाले. "पळायचं नाही. आधी रुंद व्हायचं. पहिल्या वर्षी भूमिती आणि संख्यांचा सिद्धांत. मग असमानता, मोजणीच्या युक्त्या, बहुपदी. सोपी दिसणारी पण महिनाभर छळणारी गणितं. कॅल्क्युलस तिसऱ्या वर्षी, तेही मुळापासून, नुसती सूत्रं नाहीत. आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी."

"द... दहावी कशाला?"

"उद्या कुणी दार लावलं तर उघडायला किल्ली असावी म्हणून."

हमीदाभाभी पडद्यातून डोकावल्या. "आवटीबाई, एवढा रस्ता आखलाय, तर त्यात जेवायला थांबायची एक जागा दाखवा. न्हाईतर ही उपाशीच चालंल."

मी खरंच कागदावर एक छोटं ताट काढलं. तहसीनने त्यात एक अंडं काढलं.

भूमितीवर ती आधी रुसली. "चित्र अब्बाला क... कसं सांगायचं? त्यांचे डोळे कामात असतात." मग तिने तंबोरा घेतला आणि आकृती शब्दांत काढायला लागली. कुठल्या बिंदूतून कुठली रेघ निघाली, कुणाला छेदून गेली, कुणाला नुसती चाटून गेली. आकृतीशिवाय भूमिती सांगणारं मूल मी आयुष्यात दुसरं पाहिलं नाही. इलाहीबक्षभाई कानस चालवत. "पुढं?" मध्येच "थांब." आणि जिथे थांब म्हणत, तिथे खरोखरच काहीतरी गळालेलं असे. एकदा एक बिंदू रेघेच्या भलत्याच बाजूला पडत होता. ते माझ्याही ध्यानात आलं नव्हतं. मी घरी येऊन पाटीवर आकृती काढली तेव्हा कळलं.

मी मनात म्हणायचे, हा माणूस शिकला असता तर कुठे गेला असता!

मात्र लिहायचं म्हटलं की तहसीनचं तोंड उतरायचं.

"परीक्षेत सांगून चालत नाही गं. लिहावं लागतं."

तिने बराच वेळ पेन्सिल फिरवली. मग सुराचा आधार घेऊन म्हणाली, "कागद 'पुढं?' म्हणत न्हाई, बाई."

तरी ती लिहू लागली. आधी अब्बांना सांगायची, त्यांनी 'हां, बसलं' म्हटलं की मगच कागदावर उतरवायची. त्यांच्या 'हां'शिवाय तिने एक ओळ लिहिली नाही. वर्ष असं गेलं. सुगीला मळणी व्हावी तसा एकेक विषय राशीला लागत होता. माझ्याच पोत्यातलं धान्य संपत आलं, हे मला कळायला लागलं. ती असे प्रश्न विचारी की मी बसमधून सांगलीला पोचेपर्यंत त्यांतच गुरफटलेली असे आणि उत्तर सापडत नसे.

तिची काही गणितं मी पुण्याला पाठवली. माझा एक जुना विद्यार्थी, अभिजित, तिथल्या एका संशोधन संस्थेत होता. त्याचा फोन आला.

"मॅडम, ही कोण आहे?"

"का रे?"

"तिसऱ्या गणिताचं उत्तर आम्हाला माहीत होतं त्यापेक्षा सुंदर आहे. तिला इकडे पाठवा. अशा मुलांसाठी आमचा दोन वर्षांचा वर्ग आहे. राहायची सोय आहे, मुलींचं वेगळं वसतिगृह आहे. जूनच्या आधी हो-नाही कळवा. आणि मॅडम, रागावू नका, पण एवढ्या मुलीला आठवड्यातून एक सोमवार पुरायचा नाही."

मी रागावले नाही. मला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं.

पुढच्या सोमवारी मी कागदावरच्या माझ्या रस्त्याच्या शेवटी एक बाण काढला आणि लिहिलं, पुणे.

तहसीनने ते वाचलं. तंबोऱ्याकडे न बघता, अडखळत, पण पुरं वाक्य म्हणाली, "म... मी जाणार न्हाई."

"का?"

"तिथं अ... अब्बा न्हाईत."

"तिथे खूप मोठी माणसं आहेत बाळ. तुझं ऐकायला..."

तिने मान हलवली. तारा छेडल्या आणि मग तिचं बोलणं वाहायला लागलं. "मला खरं-खोटं एकटीला कळत न्हाई, बाई. सगळं खरंच वाटतंय. मी सांगत जाते, आणि अब्बा थांब म्हणले की तिथं भोक दिसतंय. अब्बा न्हाईत तर मी चुकीच्याच रस्त्यानं लांब जाईन आणि मला कळणारबी न्हाई." तिने बापाकडे पाहिलं. "अब्बा ज्या दिवशी माझं ऐकायचं बंद करतील, त्या दिवशी जाईन."

इलाहीबक्षभाईंची कानस चालूच होती.

"तुम्ही काहीतरी बोला की," मी त्यांना म्हणाले.

"पोरीची मर्जी," ते म्हणाले.

मला त्यांचा फार राग आला. मुकाट्याने पिशवी उचलून मी निघाले.

*

मे महिन्यात हमीदाभाभी आणि तहसीन कुपवाडला लग्नाला गेल्या होत्या. मी मुद्दामच त्या दिवशी गेले. दुपारची वेळ, गल्लीत चिटपाखरू नाही. इलाहीबक्षभाई नव्या तंबोऱ्याला तारा चढवत होते.

"जून तोंडावर आलाय," मी म्हणाले. "तुम्ही जा म्हणालात तर ती जाईल."

"तिनं काय म्हटलं तुम्ही ऐकलं न्हाई का?"

"ऐकलं. म्हणूनच आले. तुम्ही कसं ऐकता ते मला शिकवा. मी पुण्याला अभिजितला सांगेन. तिला तिथे तसा ऐकणारा मिळवून देऊ."

ते हसले. "हे शिकवायचं असतंय व्हय?"

"मग मी सांगते, तुम्ही ऐका. मला बघू तरी द्या."

त्यांनी चार तारा छेडल्या. दुकान भरून गेलं. मला काय सुचावं? पहिल्या दिवशीचंच. मूळ संख्यांची माळ. मी वर्गात सांगायचे तशी सांगू लागले. ठाम, शब्दन् शब्द वेगळा. सगळ्या मूळ संख्या घेतल्या. त्यांचा गुणाकार केला. एक मिळवला. ह्या नव्या आकड्याला माळेतल्या कुणानेही भाग जात नाही.

"पुढं?"

आणि मग शिक्षकाची सवय म्हणा, की मनात कुठेतरी आधीच शंका आली होती म्हणा, मी त्याच ठाम आवाजात म्हणाले, "म्हणून हा नवा आकडा मूळच आहे."

"हां," इलाहीबक्षभाई म्हणाले. "पुढं?"

तारांचा झंकार हळूहळू विरत गेला.

"का थांबला?" त्यांनी विचारलं.

"इलाहीबक्षभाई, ह्याच जागी तुम्ही तहसीनला अडवलं होतंत. मी पहिल्यांदा आले त्या दिवशी."

त्यांनी तारेवरचा हात काढून मांडीवर ठेवला. चष्मा वर सरकवला. माझ्याकडे बघत, अगदी हळू आवाजात विचारलं, "चुकीचं होतं काय ते?"

मी होय म्हणून मान हलवली.

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग घोडीवरचा भुसा फुंकून म्हणाले, "तुमचा आवाज चुकला न्हाई, बाई. तुम्ही हलला न्हाईत. ती हलती. पाय ठेवायला जागा नसली की तिचा सूर जरा वर उचलला जातोय, नि ती पळाय बघती. वल्या फरशीवरनं पोरं पळत्यात, तशी. मला तेवढंच ऐकू येतंय. चांगलं-वाईट लाकूड मी टिचकीनं ओळखतो. पोरीचा आवाज न्हाई ओळखणार?"

"म्हणजे गणित तुम्हाला..."

"सुरवातीला कळायचं. लसावि, मसावि, अपूर्णांक. तिथवर हातात हात घालून चाललो. मग त्यात अक्षरं आली, आणि तिथं माझा हात सुटला. ती पुढं गेली. मी मागनं नुसतं हां, हां."

"तिला सांगा हे."

ते झटकन म्हणाले, "न्हाई."

"का?"

"ज्या भिंतीला टेकून पोर बसलीय, ती भिंतच न्हाई म्हणून सांगू? एवढं सगळं रचलंय तिनं, ते सगळं माझ्या 'हां'वर. उद्या म्हणंल, अब्बाला कळतच नव्हतं, मग हे सगळं खोटं. शाळेतनं एकदा उठवून आणलीय तिला. आता कुठनं उठवू, आणि कुठं बसवू?"

"पण ते खोटं नाहीये. मी तपासलंय, पुण्याने तपासलंय."

"तुमच्यावर कुठं इस्वास हाय तिचा," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून, जरा ओशाळून, "म्हंजे, तसा हाय. पण तसा न्हाई."

त्यांनी तारेखाली दोरा घातला. तो कुठेच बसेना.

"मी तिला काही सांगणार नाही," निघताना मी म्हणाले. "ते तुमचं तुम्हीच सांगायला हवं."

"दोरा गात न्हाई, बाई," माझ्याकडे पाठ करून ते म्हणाले. "तार गाती. दोरा नुसता मधी असतोय. पण पोरीला कोण सांगणार हे?"

*

अभिजितला उत्तर द्यायच्या दिवशी मी सकाळीच गेले. तहसीनला शेवटचं विचारायचं आणि तिथूनच फोन लावायचा, असं ठरलं होतं. रस्त्याचा कागद त्यांनी भिंतीवर चिकटवला होता, भोपळ्यांच्या मधोमध. ताट, अंडं, बाण. 'पुणे' या शब्दावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक फुली मारली होती.

तहसीन अब्बांना नवं गणित सांगत होती. हमीदाभाभी दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. मी पायरीवरच बसले.

गणित अवघड होतं. एका वर्तुळात सांडलेले सहा बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेघा, आणि त्या रेघा दोन रंगांत कशाही रंगवल्या तरी एका रंगाचा त्रिकोण उरतोच, अशासारखं काहीतरी. ती ओवीच्या चालीत पाऊल टाकत निघाली होती. रेघ लाल झाली, रेघ निळी झाली. एक बिंदू बाजूला काढला. पाच रेघा त्याच्यातून निघाल्या. त्यांतल्या तीन तरी एका रंगाच्या असणारच.

"पुढं?"

ती पुढे गेली. आता मलाही ऐकू आलं. कसं, ते सांगता येणार नाही. बहुतेक त्या मेच्या दुपारनंतर माझाही कान फिरला होता. तिचा आवाज किंचित वर उचलला गेला, शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देऊ लागले. मी इलाहीबक्षभाईंकडे पाहिलं. त्यांची कानस थांबली होती. डोळे मिटलेले. ओठ हलले.

पण ते 'थांब' म्हणाले नाहीत.

ती आणखी दोन पावलं गेली. मग तिचं तिलाच काहीतरी झालं. ती मंदावली, आणि थांबली.

"अब्बा," ती तारांवर म्हणाली, "थांबवलं न्हाई?"

"थांबवायला पायजे होतं का?"

"व्हय. इथं मी दोन गोष्टी एकच म्हणून सांगितल्या. त्या एक न्हाईत."

"कधी कळलं तुला?"

ती गोंधळली. "सांगतानाच. पण वाटलं, तुम्ही म्हणला न्हाई, म्हंजे असंल बरोबर."

इलाहीबक्षभाईंनी हात पुढे केला आणि तळवा तारांवर ठेवला. झंकार मेला. त्या दुकानात सूर असा मध्येच तुटलेला मी कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या हातगाडीची कुरकुर तेवढी आत आली. हमीदाभाभींच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"बेटा," ते म्हणाले, "मला तुझं गणित कळत न्हाई. दोन वर्षं झाली. अक्षरं आल्यापास्नं एक आकडा कळलेला न्हाई मला."

तहसीन त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी थांब म्हणायचो ते तुझ्या आवाजाला. तू कुठं चुकतीस, ते तुला आधी कळायचं. तुझ्या गळ्याला कळायचं. तिथनं मला. आत्ता मी गप बसलो, तरी तू थांबलीसच का न्हाई? ते ऐकणारं कान तुझंच हाईत. पुण्याला घेऊन जाता येत्यात."

हमीदाभाभी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी म्हणायची, ह्यांना एवढं कळतंय तर किराणा मालाचा हिशेब का जमंना."

कुणी हसलं नाही. त्याही हसल्या नाहीत.

तहसीन खाली बघत होती. तिचा हात तारांकडे गेला, पण तिथे बापाचा तळवा होता, आणि त्यांनी तो काढला नाही. मग तिने मान वर केली. ओठ मिटले, ताणले. मानेवरची शीर वर आली. मी श्वास धरला. इलाहीबक्षभाई थांबून होते, नेहमीसारखे, विहिरीत दोर सोडून.

"प... प... प... पुढं?"

एवढाच शब्द. त्याला कसलाही सूर नव्हता.

त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीवरच्या कागदाकडे, ताटाकडे, बाणाकडे बघितलं. बोलायला लागले तेव्हा त्यांचा खर्ज कुठेतरी वरच राहिला होता. त्या माणसाचा आवाज हललेला मी पहिल्यांदाच ऐकला.

"पुढं काय? बाईंना मी सांगितलं की तू मोडून पडशील म्हणून बोलत न्हाई. ते खोटं होतं. तू न्हाई मोडायची, मला ठाऊक होतं." ते थांबले. "तू गेलीस की हे दुकान मुकं होतंय, बेटा. म्हणून मी हां, हां म्हणत बसलो."